फळा पुरला नाही

कॅल्क्युलेटरच्या कंपनीत सबनीस साहेबांचा आवाज आधी यायचा, साहेब मागून. त्या दिवशीही तसंच झालं.

"एक भागिले तीन, गुणिले तीन! उत्तर एक यायला हवं आणि हे यंत्र ०.९९९९९९९ दाखवतंय! सॉफ्टवेअरमध्ये धडधडीत बग आहे. उद्यापासून घरी बसा!"

ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मृण्मयीने त्यांच्या हातात मार्कर दिला. "साहेब, एक भागिले तीन, पूर्ण उत्तर दशांशात लिहा. शेवटचा आकडा लिहिलात की मी निघाले."

साहेब हट्टाने तिनापुढे तीन मांडत गेले. फळा भरला, तसे भिंतीवर सरकले. खिडकीपाशी मात्र अडले.

"जागाच संपली!"

"यंत्राचीही जागाच संपते, साहेब," मृण्मयी हसली. "पण ते बिचारं वेळेवर थांबतं, भिंत खराब करत नाही."