मूठ आणि तर्जनी

परवा मला झोप लागेना. कारण म्हटलं तर क्षुल्लक. माझी लेक शाल्मली बालवाडीच्या फाटकाशी रोज रडते, पण बाबा सोडायला गेले की वळूनही न बघता आत जाते. बाबा तिचा डबासुद्धा विसरतात! मी काहीच विसरत नाही, आणि रडणं मात्र माझ्याच वाट्याला. कुठे चुकतंय?

कूस बदलता बदलता मामेबहिणीने सांगितलेली एक गोष्ट आठवली. ती नेमबाजी शिकते. मला पिस्तूल नुसतं दिसलं तरी घाम फुटतो, पण ही गोष्ट मनात घर करून आहे.

एका टेकडीच्या पायथ्याशी एक वृद्ध गुरुजी पिस्तुलाची नेमबाजी शिकवत असत. त्यांची एक शिष्या फार गुणी. उभं राहणं निश्चल, दृष्टी तीक्ष्ण. तरी तिची गोळी लक्ष्याच्या खाली डावीकडेच जाई. संघाची निवड दुसऱ्या दिवसावर आली होती. असंच चाललं तर वर्षभराची मेहनत वाया जाणार, हे तिला दिसत होतं. तिने डोळे तपासून घेतले, बूट बदलले, आणि शेवटी म्हणाली, “गुरुजी, या पिस्तुलाची नळीच वाकडी आहे.”

गुरुजींनी तेच पिस्तूल उचललं आणि गोळी झाडली. ती बरोबर मध्यात लागली.

“तुझी तक्रार ऐकून नळी सरळ झाली वाटतं,” ते म्हणाले.

मग त्यांनी पिस्तूल पेटीत ठेवून दिलं, आपली तीन बोटं जुळवून तिच्यापुढे धरली आणि भिंतीकडे तोंड फिरवून डोळे मिटले. “ही पिस्तुलाची मूठ समज. नेहमीसारखी धर. तर्जनी मोकळी ठेव. मनात येईल तेव्हा हवेतच चाप ओढ.”

शिष्या गोंधळली. निवड उद्यावर, आणि हा कसला खेळ? तरी तिने बोटं धरली. तिची तर्जनी हलणार, एवढ्यात गुरुजी म्हणाले, “आता.” पुन्हा धरली. पुन्हा, “आता.” ती मुद्दाम रेंगाळली, घाई करून पाहिली, श्वास रोखला. दर वेळी तर्जनीच्या आधी गुरुजींचं “आता” आलंच.

“तुम्हाला दिसतंय!”

“दिसत नाही, कळतंय. तू धरतेस उत्तम. तळवा मुठीमागे नीट बसलेला, अंगठा नुसता टेकलेला, मनगट स्थिर. पाहुण्यांसमोर भरलेला कप नेताना असतो तेवढाच दाब. पण गोळी सुटणार म्हटलं की तू मनातून दचकतेस आणि सगळा हात आवळतेस. तिथेच नेम ढळतो. धरणाऱ्या बोटांनी धरून असावं, ओढणाऱ्या बोटाने ओढावं. याच्या कामाची त्यांना खबरही लागता कामा नये. आणि गोळी गेल्यावरही क्षणभर पकड तशीच राहावी.”

अंधार पडेपर्यंत ती त्यांची बोटं धरून उभी होती. “आता” हळूहळू विरळ होत गेलं. शेवटी बराच वेळ शांततेत गेला. गुरुजीच कंटाळले.

“अगं, ओढ की!”

“ओढला, गुरुजी.”

गुरुजींनी डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी ती संघात गेली, पण मला आदल्या संध्याकाळचे ते दोन शब्दच जास्त मोठे वाटतात. आणि त्या गुरुजींचंही नवल वाटतं. आपल्याला काही कळू नये, यासाठी ते इतका वेळ हात पुढे करून उभे राहिले.

सकाळी शाल्मलीला घेऊन निघाले, ते सगळं लक्ष स्वतःच्या हाताकडे ठेवून. वाण्याच्या दुकानापर्यंत हात अगदी शहाण्यासारखा होता. शाळेचं फाटक दिसलं मात्र, माझी बोटं आपोआप तिच्या बोटांवर आवळायला लागली. मी निवडीला निघाल्यासारखी! भरलेला कप आठवला. दाब होता तेवढाच ठेवला, फाटकापर्यंत तसाच नेला आणि अलगद हात सोडला.

शाल्मलीने आधी आपल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आई, आज हात दाबला नाहीस. आज घाबरायचं नाहीये का?”