भोक पडलेला कटोरा

"कटोरा कुठाय, आक्का?"

त्र्यंबकनं तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा नीट विचारलं होतं, दुसऱ्यांदा जरा ताठ. आता आवाज चढला होता.

आक्का अंगणात पोतं पसरून बसल्या होत्या. पुढ्यात भंगारवाल्याकडून आणलेली जुनी भांडी... झाकण हरवलेला कुकर, टवके उडालेली चहाची किटली, कान तुटलेला लोणच्याचा सट, पोचे पडलेले दोन डबे. भोवती कोरफड, पानफुटी आणि तऱ्हेतऱ्हेचे निवडुंग, मुळं उघडी टाकून पडलेले.

"आधी चपला काढ," आक्का म्हणाल्या. "वाळूत पाय देतोयस."

आता या बोरखड्याच्या मठाचं काय सांगावं? माळावर दोन खोल्या, एक समाधी, एक गाय आणि हे काटेरी गोत. जमीन नाही, जुमला नाही. जे काही होतं ते म्हणजे समाधीच्या कोनाड्यातला पितळी कटोरा. चार गुरूंनी त्यात भिक्षा मागितलेली, पाचव्या आक्का. रीत साधी होती. जुन्यानं कटोऱ्यात पाणी भरून द्यायचं, नव्यानं चारचौघांदेखत एका दमात प्यायचं. कटोरा ज्याच्या हातात, मठ त्याचा.

हे येत्या रविवारी व्हायचं होतं. आज गुरुवार.

आक्कांनी नाव कुणाचंच घेतलं नव्हतं. पण दुसरं होतंच कोण? त्र्यंबकनं मठात चौदा वर्षं काढली होती. पाच गावांत स्वतः फिरून त्यानं आमंत्रणं दिली होती. एसटी स्टँडवर त्याचा फ्लेक्ससुद्धा लागला होता, हात जोडलेला, वर कटोऱ्याचा फोटो. आणि तो परत येऊन बघतो, तर कोनाडा रिकामा!

राग येणारच की. तुम्हांआम्हांला नसता आला?

"आक्का, मी काहीतरी विचारतोय."

"आन् म्या सांगतीय. समोर हाय."

त्र्यंबकनं पाहिलं. कुकर आणि किटलीच्या मधोमध कटोरा होता. त्यात वाळू, विटांचा चुरा, आणि मधोमध लिंबाएवढा एक गोल निवडुंग, पाहुण्यासारखा ऐसपैस बसलेला.

त्यानं कटोरा उचलला, वर धरून खालून पाहिला.

बुडाला आरपार भोक.

"हे... हे कोणी केलं?"

"म्या."

"कशानं?"

"खिळ्यानं. पितळ जुनं. दोन घावांत गेलं."

त्र्यंबकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कीर्तनात तासभर न अडखळणारा माणूस, तो एकाच शब्दावर अडखळला.

"चार गुरूंचा कटोरा! अहो, चार गुरूंचा! आणि तुम्ही त्याची कुंडी केलीत? भंगारातली भांडी कमी पडली?"

"ह्योबी जुनाच की. चौघांनी वापरलेला."

"निदान भोक न पाडता तरी लावायचं!"

आक्कांनी मान वर केली.

"भोक न पाडता लावल्यावर काय हुतं, ते तुला ठावं हाय."

त्र्यंबकनं कटोरा खाली ठेवला.

ठाऊक होतं त्याला. गेल्या माघात तालुक्याच्या एका डॉक्टरांचा बंगला मोकळा झाला. तिथून त्यानं चिनीमातीची एक मोठी जुनी कुंडी आणली होती, निळ्या फुलांची. आक्कांचा तीस वर्षांचा निवडुंग त्यात हलवायचं ठरलं. आक्का म्हणाल्या, बुडाला भोक पाड, आणि आठ दिवस पाणी घालू नको. जागा बदलताना मुळं तुटतात. ती जखम आधी सुकू द्यावी लागते, ओली राहिली की सडते. मठात हे शेंबड्या पोरालाही माहीत.

पण एवढं देखणं भांडं, त्याला भोक पाडायचं? त्र्यंबकचं मन होईना. आणि नवं झाड लावलं की वर तांब्याभर पाणी घालायचं, हे त्याच्या हाताला लहानपणापासून लागलेलं. त्याच दिवशी घातलं. मग रोज सकाळी घातलं, स्तोत्र म्हणत. चैत्रात झाडाचा लगदा झाला. त्यानं तो गुपचूप उकिरड्यात पुरला, कुंडी गोठ्यामागं सरकवून वर फळी टाकली, आणि आक्कांनी विचारल्यावर म्हणाला, "उन्हानं गेलं."

आक्कांनी तेव्हा नुसतं 'बरं' म्हटलं होतं.

"म्हणजे त्या झाडाचा सूड उगवलात होय?" त्र्यंबक म्हणाला. रागाला काय, एक दार लावलं की तो दुसरं शोधतो. "आज नाही कळलं मला, फार आधीच कळलं होतं! तुम्ही मला कधी आपलं मानलंच नाही."

आक्कांनी रद्दीच्या कागदाची पट्टी एका निवडुंगाच्या कमरेला गुंडाळली, उचलून डब्यात बसवला आणि वाळू सारायला लागल्या.

"तिसऱ्याच वर्षी तुम्ही मला समाधीपुढून उठवलंत. सगळ्यांसमोर! 'तोंडानं नाम आन् डोळे ताटाकडं' म्हणालात. लोक हसले. पाचव्या वर्षी माझं कीर्तन त्या दोन महिने राहून गेलेल्या सोपानला दिलंत, मला टाळ धरायला लावलेत. माझी आई वारली तेव्हा तिसऱ्या दिवशी मला गाईची धार काढायला पाठवलंत. मी एक अक्षर बोललो का? बोललो का कधी? सगळं गिळलं!"

"सोपानचं कधीचं म्हणालास?"

"नऊ वर्षं झाली. ज्येष्ठ वद्य चतुर्थी, मंगळवार. अंगारकी होती."

आक्कांचा वाळूतला हात थांबला.

"अजून ओलंच हाय रे."

त्र्यंबकला काही उमगलं नाही. आपली थट्टा चाललीय असं वाटून तो आणखीच भडकला.

"जा," आक्का म्हणाल्या. "गोठ्यामागची कुंडी आण. फळीसकट."

त्र्यंबकचं तोंड खर्रकन उतरलं. नाही म्हणायची सोय नव्हती. तो गेला, दोन्ही हातांनी कवटाळून कुंडी घेऊन आला आणि नजर चोरत आक्कांपुढं ठेवली.

आक्कांनी फळी काढली.

काय तो वास! गोठ्यातली गाय चारा सोडून मान वळवून बघायला लागली. आत अर्ध्यापर्यंत काळा चिखल, वर बोटभर हिरवट पाणी.

"शेवटचं पानी कवा घातलंवतं?"

"...चैत्रात."

"आता कोणता म्हैना?"

"...श्रावण."

आणि मग आक्का उठल्या. सत्तर वर्षांची काडीसारखी बाई, पण असा आवाज लावला, की कडुलिंबावरचे कावळे उडाले.

"तीस वर्सांचं झाड! माज्या गुरूनं सोताच्या हातानं लावलेलं! मेलं म्हणून न्हाई बोलत म्या, झाड हाय, मरतंय. पर तू खोटं बोललास! माज्याशी! उन्हानं गेलं म्हनालास? आन् त्याच तोंडानं पाच गावांत सत्य सांगत फिरतोस? लाज कशी वाटली न्हाई रं तुला, मुडद्या?"

चौदा वर्षांत असं कधी ऐकलं नव्हतं त्र्यंबकनं. टोमणे ऐकले होते, हे नाही. त्याचे कान तापले. आता पुढचं वाक्य एकच... बोचकं उचल आणि चालू लाग. मान खाली घालून तो त्याची वाट बघत राहिला.

आक्का खाली बसल्या. हाताची वाळू झटकली.

"भाकरी खाल्लीस का?"

"...काय?"

"पाच गावं हिंडून आलास. पोटात काय हाय का न्हाई?"

"नाही."

"भाकरी-कोरड्यास झाकून ठेवलंय. हे उरकलं की जेव."

त्र्यंबकनं त्यांच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. कुठं राग दिसेना. कपाळावर नाही, ओठांत नाही, आवाजात नाही. आता ह्यावर माणसानं करावं तरी काय? तो पुन्हा पेटला.

"आत्ता एवढं बोललात! मला मुडद्या म्हणालात! आणि लगेच भाकरी?"

"व्हय. बोलले की."

"मग?"

"मग काय? बोलून झालं."

त्यांनी पोत्याखालून हातोडी आणि खिळा काढून त्याच्यापुढं टाकला. कुंडी कलती करून कट्ट्याच्या कडेला टेकवली, बूड त्याच्याकडं.

"पाड भोक."

"आधी रिकामी तरी करू द्या."

"न्हाई. भरलेलीच पाड."

"आक्का, चिनीमाती आहे. फुटेल."

"फुटंल."

"अशी कुंडी पुन्हा मिळायची नाही."

"न्हाई मिळायची."

त्र्यंबकनं दात खाल्ले. खिळा टेकवला आणि घाव घातला. खिळा निसटला. दुसरा घाव बोटावर बसला. त्याच्या तोंडून एक सणसणीत शिवी निघाली... आक्कांसमोर! तो चपापला. आक्का किटलीत वाळू भरत होत्या.

मग तो थांबला नाही. मारत सुटला आणि बोलत सुटला. सोपानला बोलला, हसलेल्या लोकांना बोलला, आईच्या तिसऱ्या दिवशीची ती धारेची चरवी उकरून काढली, आक्कांना तर नाही नाही ते बोलला. "दगड आहात तुम्ही, दगड!" असं म्हणून घातलेल्या घावाला खट् झालं.

टिकलीएवढा तुकडा उडाला. कुंडी फुटली नाही.

आधी एक थेंब आला. मग धार लागली. काळी, घाण, चार महिन्यांची. त्र्यंबकच्या मनगटावरून उतरली, कोपरावरून गळली आणि त्याचं नीळ दिलेलं पांढरंशुभ्र धोतर पार रंगवून गेली. तो बाजूला झाला नाही. मनातच आलं नाही त्याच्या.

धार चालूच राहिली...

दोघंही बघत बसले.

बऱ्याच वेळानं ती बारीक झाली, मग थेंबांवर आली. त्र्यंबकनं नाक ओढलं. रडला की काय, कुणास ठाऊक. तोंडावरही चिखल उडाला होता.

"आक्का..." त्याचा आवाज पार बसला होता. "कटोऱ्यातलं हे झाड कुठलं?"

"त्येचंच पिल्लू. तू उकिरड्यात पुरलंस, तितनं तवाच काढलं. बुडाशी येक जितं हुतं. वाळूत जगीवलं, आज ह्यात बसीवलंय."

त्र्यंबक कटोऱ्याकडं बघत राहिला. एवढा वेळ त्यानं भोक पाहिलं होतं, झाड आत्ता पाहिलं. एका अंगानं थोडं सुरकुतलेलं होतं, पण हिरवं होतं.

"मी मारलं ते," तो म्हणाला. "उन्हानं नाही. मी बुडवलं."

आक्कांनी हातोडी आणि खिळा पोत्याखाली सारला.

आणि मग, चौदा वर्षांत जे कधी उघड विचारलं नव्हतं, ते त्यानं विचारलं.

"रविवारी पाच गावं येतील. मला खरं सांगा. ह्या मठात पुढं मी आहे की नाही? आणि असलो, तर लोकांदेखत मी पाणी पिऊ कशातून? त्यात आता थेंब ठरायचा नाही."

आक्कांनी कटोरा दोन्ही हातांनी उचलला. बुडाला चिकटलेली वाळू पदरानं पुसली आणि तो तसाच, झाडासकट, त्र्यंबकच्या घाणीनं बरबटलेल्या हातांत दिला.

"घे. तुजाच हाय..."

त्यानं मान वर केली.

"आठ दिस पानी घालू नगंस."