नागाच्या डोळ्यावरचा ओरखडा

वारुळात उतरायचं, नागाला हात लावायचा आणि परत यायचं, अशी पैज कुणी लावली तर शहाणा उंदीर काय करतो? हसतो, मिशा पुसतो आणि दुसरीकडे निघून जातो. टिप्प्या म्हणाला, "लागली."

पैज लावणाऱ्यालाच घाम फुटला. "अरे लेका, मी आपलं गमतीत बोललो!"

"मग मीपण गमतीतच जाऊन येतो."

आता त्या माळाचं सांगायला पाहिजे. त्या माळावर नांगी नसलेला उंदीर नव्हता. मेलेल्या विंचवाची नांगी काढायची, उन्हात सुकवायची आणि गवताच्या दोरीने कमरेला बांधायची. पिल्लाचे डोळे उघडायच्या आधी त्याच्या कमरेचं माप घेतलेलं असायचं.

नांग्या दोनच जातीच्या. एक काळी, मोठ्या काळ्या विंचवाची. दुसरी इंगळी, लहान लाल विंचवाची. माळावरची सगळी अक्कल या दोघींमध्ये वाटून गेली होती. काळीवाले म्हणायचे, "इंगळी होय? कान कोरायला बरी आहे." इंगळीवाले म्हणायचे, "तुमची काळी उपसून होईस्तोवर समोरचा जेवून, हात धुऊन घरी जाईल." काळीवाले नांगीला करडईचं तेल लावायचे, इंगळीवाले जवसाचं. त्यामुळे बिळाच्या तोंडाशी नुसता वास घेतला तरी आत बसायचं की नाही ते ठरायचं.

काळीवाल्यांचे पुढारी आप्पा. एकदा ऐटीत खाली बसताना त्यांची काळी त्यांच्याच मांडीत घुसली. पाय कायमचा गेला. तरी आप्पा लंगडत लंगडत सगळ्यांना सांगत फिरायचे, "बघितलंत? काय धार आहे!"

इंगळीवाल्यांची पुढारी रखमाक्का. तिची इंगळी दोनदा मोडली होती. ती म्हणायची, "मोडणारच. नाजूक काम आहे ते. तुमच्या मुसळासारखं नाही."

खरं सांगायचं तर कुणी कुणावर नांगी उपसलीच नव्हती. उपसायची ती पुसायला, नाहीतर दाखवायला.

या सगळ्याच्या मुळाशी होता नाग. माळाच्या मधोमध वारूळ होतं आणि त्यात नाग राहायचा, असं सगळे म्हणायचे. फार पूर्वी तो बाहेर यायचा आणि घरंच्या घरं रिकामी करायचा. मग एका पूर्वजाने त्याच्या डोळ्यात नांगी खुपसली आणि तेव्हापासून नाग वारुळाबाहेर पडला नाही. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे काळीवाले सांगायचे की तो पूर्वज काळीवाला होता आणि डोळा डावा. इंगळीवाले सांगायचे की पूर्वज इंगळीवाला आणि डोळा उजवा. दोन्हीकडच्या पोरांना बोलता यायला लागलं की हेच आधी शिकवायचे. आणि नागाबद्दल जो खोटं बोलेल त्याचं शेपूट छाटायचं, हा कायदाही दोन्हीकडे एकच.

टिप्प्या आप्पांचा धाकटा. त्याची बहीण बकुळा हिने मात्र सगळ्यांची झोप उडवली होती. तिने रखमाक्काच्या मुलाशी, रंगाशी, लग्न केलं. काळीच्या घरची इंगळीच्या घरात! आप्पा तेव्हापासून लेकीकडे पाण्यालाही गेले नव्हते. टिप्प्या जायचा. दोन्हीकडे जेवायला मिळतं म्हणून जायचा.

तर टिप्प्या वारुळात उतरला.

भोक तिरपं होतं. माती थंड होती. वरचा आरडाओरडा हळूहळू विरला आणि मग स्वतःच्या काळजाचे ठोके तेवढे ऐकू यायला लागले. एका वळणावर जागा एकदम मोठी झाली. वरच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आत पडली होती, आणि त्या तिरिपेत तो होता.

टिप्प्याचे पाय मातीत रुतले. असलं काही त्याने जन्मात बघितलं नव्हतं. खवल्याला खवला लागून पांढरीशुभ्र वाट वळत वळत अंधारात गेली होती. धुळीचे कण त्याच्या अंगावरून चालले होते. टिप्प्याला पळायचं सुचेना. भीती होतीच, पण तिच्या वर आणखी काहीतरी येऊन बसलं होतं. त्याने पैजेसाठी नाही, नुसतंच, हात पुढे केला.

अंग कुरकुरलं. वाळक्या पानासारखं. आत कुणीच नव्हतं. नाग कधीच कात टाकून निघून गेला होता.

टिप्प्या कातीच्या आतून चालत गेला. चारी बाजूंनी उजेड झिरपत होता. आपण गिळले गेलो आहोत आणि तरी जिवंत आहोत, असं त्याला वाटलं. डोक्यापाशी पोचल्यावर तो बराच वेळ थांबला, नीट निरखून बघितलं आणि मग त्याला जे हसू फुटलं ते आवरेना.

बाहेर आल्यावर खरं सांगायचं होतं. पण कातीला हात लावला म्हटलं तर पैज जिंकल्यासारखी वाटत नाही. तो म्हणाला, "लावला हात! बसलाय फुसफुसत."

त्या संध्याकाळी आप्पांनी त्याला बाजूला घेतलं. पुढ्यात भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या. "बाळा, डोळा बघितलास का रे? कुठला फुटलाय?"

टिप्प्याने शेंगांकडे बघितलं. "डावा, आप्पा."

दुसऱ्या दिवशी रखमाक्काने त्याला जेवायला बोलावलं. शेंगा भाजलेल्या होत्या. "उजवाच ना रे राजा?"

"उजवाच, अक्का. दुसरा कुठला असणार?"

दोन दिवस माळावर नुसता जल्लोष होता. तिसऱ्या दिवशी दोन्ही जल्लोष वारुळाजवळच्या खळ्यावर समोरासमोर आले.

"विहीणबाई," आप्पा म्हणाले, "आमच्या पोराने डोळ्यांनी बघितलंय. डावा!"

"व्याहीबुवा," रखमाक्का म्हणाली, "तुमच्याच पोराने आमच्या पाटावर बसून सांगितलंय. उजवा!"

"म्हणजे तुम्ही त्याला चारून फितवलंत!"

"आम्ही चारलं? अहो, तुमच्या कच्च्या शेंगांची टरफलं अजून त्याच्या मिशीला आहेत!"

टिप्प्या तिथेच दगडावर बसला होता. त्याला कुणी विचारलंच नाही. त्याला फार मजा येत होती.

मग आप्पांनी नांगी उपसली.

एक उपसली तशा सगळ्याच निघाल्या. भर दुपारी अख्खं खळं काट्याकाट्यांनी उभं राहिलं. तेल लावून लावून वर्षानुवर्षं जपलेली प्रत्येक नांगी उन्हात चमकत होती. ते इतकं देखणं होतं की क्षणभर सगळे आपापल्या हाताकडे बघत राहिले. आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या लक्षात आलं की हिचं टोक दुसऱ्याच्या अंगाकडे आहे.

आप्पांचं टोक रंगाच्या गळ्याशी होतं. रंगाचं आप्पांच्या छातीशी. मध्ये बकुळा घुसली. तिने एका हाताने बापाची नांगी धरली, दुसऱ्या हाताने नवऱ्याची. दोन्ही तळव्यांतून रक्त आलं.

"सोड, पोरी!"

"तुम्ही सोडा, आप्पा. रंगा, तूपण सोड."

कुणी सोडेना. सोडली असती तर डोळा दुसऱ्याचा ठरला असता.

टिप्प्याचं हसू गेलं. तो ओरडला, "थांबा! मी थापा मारल्या!" पण त्या गलक्यात त्याचा आवाज त्यालाही ऐकू आला नाही. तो दगडावरून उडी मारून वारुळात शिरला.

थोड्या वेळाने वारुळाच्या तोंडातून नाग बाहेर आला.

आधी डोकं आलं. मग गळा, मग अंग, आणखी अंग, संपेचना. दुपारचा वारा सुटला होता. तो तोंडातून आत शिरला तसा नाग भरत गेला, वर उठला आणि खळ्यावर त्याची सावली पडली. ऊन त्याच्या अंगातून आरपार जात होतं. आजोबांच्या गोष्टीतला नाग याच्यापुढे गांडूळ होता.

अख्ख्या माळावर एकही नांगी नागाकडे वळली नाही. आधी टप्‌, मग टप्‌टप्‌, मग पाऊस पडावा तशा सगळ्या खाली पडल्या. काळीवाले इंगळीवाल्यांना बिलगले. आप्पांनी एका हाताने लेकीला कवटाळलं आणि दुसऱ्याने, कोण आहे ते न बघताच, जावयाला. रखमाक्का आप्पांच्या लंगड्या पायामागे दडली.

वारा पडला. नाग हळूच खाली बसला. त्याच्या तोंडातून मातीने माखलेला टिप्प्या बाहेर आला.

टिप्प्या आप्पांसमोर गेला, पाठमोरा झाला आणि आपलं शेपूट दगडावर ठेवलं.

"छाटा," तो म्हणाला. "आत नाग नव्हताच. ही कात होती. मी तिला हात लावला आणि तुम्हाला एक थाप मारली, अक्कांना दुसरी. शेंगा दोन्हीकडच्या गोड होत्या."

शेपूट छाटायला नांगी लागते. कुणी वाकलं नाही. काळी कुठली आणि इंगळी कुठली, हेही त्या ढिगात कळत नव्हतं. बकुळाच्या तळव्यांतलं रक्त तेवढं दोघींवरही ठिबकत होतं.

बऱ्याच वेळाने रखमाक्काने आप्पांच्या पायामागून मान काढली. "पण मग..." ती चाचरत म्हणाली, "कुठला रे, राजा? डावा का उजवा?"

टिप्प्याने कातीचं डोकं दोन्ही हातांनी उचललं आणि उन्हात धरलं. नाग कात टाकतो तेव्हा डोळ्यांवरची पातळ चकतीही कातीबरोबर निघून येते. त्या दोन चकत्यांतून ऊन खाली उतरलं. एक कवडसा आप्पांच्या पायाशी पडला, एक रखमाक्काच्या. दोन्ही गोल, दोन्ही स्वच्छ, ओरखडासुद्धा नाही.

"मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," टिप्प्या म्हणाला.