दोरावरची मूठ

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते विचारू नका. नदी तेव्हाही वाहत होती आणि माणूस तेव्हाही आळशी होता. लहानांनी ऐकावी. थोरांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

नदीकाठी एक गाव होतं. गावाने नदीला बांध घातला होता. बांधाला सागवानी फळ्यांचं जड दार होतं. दार बंद असलं की पाणी तुंबून वरच्या शेतांत जायचं. दार उचललं की खालच्या शेतांत.

दार उचलायला एक लांब, जाड दोर होता. त्यात लाकडी मुठी गुंफलेल्या होत्या. दर घराची एक. मोठ्या घराची एक आणि झोपडीचीही एकच.

गावाचा प्रत्येक निवाडा या दोरावर व्हायचा. पाणी कधी सोडायचं, जत्रा कधी भरवायची, नवा नियम करायचा की नाही. ज्याला पटलं त्याने आपली मूठ धरून ओढायची. ज्याला नाही पटलं त्याने हात बांधून उभं राहायचं. निम्म्याहून जास्त घरांनी जोर लावल्याशिवाय दार हलत नसे, इतकं ते जड होतं. उठलं तर ठरलं. नाही उठलं तर नाही. ठराव पाण्याचा नसेल तर उठलेलं दार लगेच खाली सोडायचे.

एके काळी तिथला पाटील सगळं धान्य आपल्यालाच विकायला लावायचा. गावाने दोर ओढून तो जाच मोडला आणि नियम केला. ज्याची वस्तू, त्याची मर्जी. कुणालाही विका, कुणाकडूनही घ्या.

नियम चांगला होता. गावात बाजार भरू लागला. मीठ आलं, कापड आलं. मग नेमाशेट नावाचा व्यापारी आला. त्याने लोखंडी नांगर आणले. लाकडी नांगराने जी जमीन ओरखडली जायची, ती आता खोल उलटू लागली. नेमाशेट हुशार होता, कष्टाळू होता, मापात खोट करत नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो. तो चोर असता तर गोष्ट सोपी झाली असती.

नेमाशेटने बांधाच्या वर ऊस लावला. उसाला पाणी फार. त्याने गावाला सांगितलं, "दार बंदच ठेवा." गावाने ऐकलं नाही. खाली लोकांचा गहू होता. पाण्याची पाळी आली तशी लोकांनी मुठी धरल्या आणि दार उचललं.

नेमाशेट रागावला नाही. घरोघर गेला.

"दादा, उन्हातान्हात दोर ओढायला कशाला येता? तुमची मूठ मला द्या. माझा गडी ओढेल. बदल्यात हा नांगर ठेवून घ्या."

"आणि मूठ पुन्हा मागितली तर?"

"विकलेली वस्तू कुणी मागतं का? तुमचाच नियम आहे. ज्याची वस्तू, त्याची मर्जी."

लोक खूश झाले. एक जण तर हसत म्हणाला, "हाताला घट्टे पडतात त्या लाकडाने. त्याच्याबदली नांगर? अजून दोन मुठी असत्या तर बरं झालं असतं!" एकामागून एक घरांनी मुठी दिल्या. दोराची निगा राखणारा म्हातारा रखमाजी, त्यानेही दिली.

भागाईने दिली नाही. तिचं शेत सगळ्यात खाली, पाणी सगळ्यात शेवटी पोचायचं. नवरा अंथरुणाला खिळलेला. त्या गव्हावरच घर चालायचं.

शेजारीण म्हणाली, "भागाई, तुझी मूठ काय सोन्याची लागून गेली गं?"

"सोन्याची असती तर विकली असती," भागाई म्हणाली. "हात कसा विकू?"

पाण्याची पाळी आली. भागाई दोरापाशी गेली आणि आपली मूठ धरली. नेमाशेटचे गडी हात बांधून उभे राहिले. तिने ओढलं. पाय रोवून ओढलं. दार हललं नाही.

ती नेमाशेटकडे गेली. "शेट, माझा गहू वाळतोय."

"वाईट वाटतं, बाई. पण मी कुणावर जबरदस्ती केली का?"

"नाही."

"कुणाला फसवलं?"

"नाही."

"मग माझं काय चुकलं, ते सांग."

भागाईला उत्तर सुचलं नाही. ती घरी आली आणि घागरीने पाणी वाहून गव्हाला घालू लागली. लोक बघायचे आणि मान फिरवून जायचे. त्यांचाही गहू सुकत होता, पण घरात नवा नांगर होता.

मग नेमाशेटने गड्यांना दोर ओढायला लावला. दार उठलं. नवा नियम झाला. धान्य फक्त नेमाशेटलाच विकायचं.

आता गावाला जाग आली. पोटाला चिमटा बसला की येते. सगळे नेमाशेटच्या दारात जमले.

"ज्याची वस्तू त्याची मर्जी, हा आमचा नियम आहे!"

"होता," नेमाशेट म्हणाला. "तो दोराने झाला होता. दोरानेच गेला."

लोकांची तोंडं उतरली. रखमाजी भागाईकडे गेला. ती घागर घेऊन निघालीच होती.

"पोरी, काय करावं?"

"मामा, मला आता उत्तर सुचलंय. मूठ तुमची होती का?"

"माझीच. माझ्या बापाची."

"आणि नातवाची नाही? त्याला विचारून विकलीत?"

भागाईने घागर खाली ठेवली.

"शेत विका, बैल विका, शेतातला गहू विका. ते तुमचं," भागाई म्हणाली. "पण विकायची मोकळीक दिली कुणी? त्या मुठीने. तीच विकलीत, मग बाकीचं तुमचं कसं राहील? नांगर परत करा."

"नांगरणी कशी करायची?"

"लाकडाच्या नांगराने. बापाने केली तशी. मूठ फुकट परत मिळेल असं वाटलं होतं का?"

लोक कुरकुरले. काही जण चिडले. पण पहिला नांगर रखमाजीने उचलला. वाकलेल्या पाठीवर घेऊन तो नेमाशेटच्या अंगणात टाकून आला. मग दुसरा आला, मग बाकीचे आले. अंगणात नांगरांचा ढीग लागला.

नेमाशेट दोरापाशी धावत आला. "हा ठरलेला व्यवहार मोडता? हाच तुमचा न्याय?"

"व्यवहार वस्तूंचा असतो, शेट," भागाई म्हणाली. "वस्तू तुमच्या अंगणात पोचल्या. हात आमच्याकडे राहिले."

गडी पुढे सरसावले. परगावची गरीब माणसं. भागाईने त्यांना विचारलं, "तुमच्या गावात तुमची मूठ आहे का रे?"

"आम्हाला कोण देणार, बाई?"

"इथे घर बांधा. एक मिळेल. ती मात्र तुमची असेल, मालकाची नाही."

गडी एकमेकांकडे बघत राहिले. मग बाजूला झाले.

गावाने मुठी धरल्या. दार करकरलं आणि उठलं. पाणी खालच्या पाटात शिरलं. भागाईचा अर्धा गहू गेला होता. अर्धा वाचला.

त्याच दमात दुसरा ठराव झाला. बाजार पूर्वीसारखाच मोकळा राहील. मूठ मात्र कुणी विकणार नाही, कुणी घेणार नाही, कुणी गहाणही ठेवणार नाही.

"आणि मी?" नेमाशेटने विचारलं. "मला हाकलणार?"

"का म्हणून?" रखमाजी म्हणाला. "तुमचं घर आहे गावात. तुमचीही एक मूठ आहे. एकच."

नेमाशेटने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग उसाकडे. रस्ता मोकळा होता, पण ऊसही उभा होता. तो राहिला. पुढच्या सुगीला लोकांनी गहू देऊन तेच नांगर त्याच्याकडून रीतसर विकत घेतले. त्यालाही नफा झाला. गावालाही झाला. पाण्याच्या पाळीला तो येतो, आपली मूठ धरतो, आणि कधी जिंकतो, कधी हरतो.

यातून एवढंच घ्यायचं: बाजार मोकळा असावा, पण ज्या हाताने तो मोकळा राहतो, तो हात बाजारात मांडू नये.