ग्रामणीने उपटलेली मोहरी

काशीच्या मुलखात एक भला राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने नदीकाठच्या एका खेड्यात जन्म घेतला. मोठा झाल्यावर तो त्याच गावचा ग्रामणी, म्हणजे गावाचा मुख्य झाला. त्याचे नाव मेघिल.

गावाची सगळी भिस्त मोहरीवर. एका थंडीत मोहरी अशी फुलली की शिवार पिवळेधमक झाले आणि लोक मनातल्या मनात तेलाच्या घागरी भरू लागले. पण मध्येच आभाळ आले, हवा दमट झाली आणि शेंड्यांवर मावा पडला. हे तिळाहून लहान, मऊ, हिरवट किडे सोंड खुपसून रस पीत बसतात. अंडी घालायचीही त्यांना उसंत नसते, सरळ पिलेच होतात, आणि ती पिले मोठी होतात न होतात तोच त्यांनाही पिले! बघता बघता देठ दिसेनासे झाले. पानांवर मधासारखा चिकटा पडला, तो चाटायला मुंग्यांच्या रांगा लागल्या आणि मागोमाग काजळी धरली. लोकांच्या तोंडचे पाणी पळाले.

या माव्यात एक काळी, काटेरी अळी हिंडताना दिसे. दिसायला अगदी ओंगळ. "हीच या किड्यांची आई," असे शिवल नावाचा एक मोठा शेतकरी म्हणाला आणि कुणालाच शंका आली नाही. जिथे मावा तिथे ती, आणखी काय पुरावा हवा? मेघिलालाही ते पटले. त्याने दवंडी दिली, की दिसेल ती अळी वेचा आणि पाण्याच्या मडक्यात बुडवा. सगळा गाव कामाला लागला. मावा मात्र वाढतच गेला.

एकच शेत वेचायचे राहिले, वासुला नावाच्या बाईचे. तिचा नवरा तांड्याबरोबर दूरदेशी गेलेला आणि ती नुकतीच बाळंत झालेली. अंगात त्राण नाही, शेतात जाणार कोण? तिच्या मोहरीवर काळ्या अळ्यांचा नुसता सुळसुळाट झाला.

"बघा, सगळी उत्पत्ती इथली!" शिवल पारावर ओरडला. "आम्ही मरमर वेचायचं आणि हिच्या शेतातून पुन्हा येणार. उद्या सकाळी पेटवून द्या ते शेत." लोक हो हो म्हणाले. घाबरलेल्या माणसांना कुणीतरी दोषी सापडला की बरे वाटते, दुसरे काय!

निरोप सांगायला मेघिल स्वतः गेला. वासुला बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"तात, शेत गेलं तर मी काय खाऊ? आणि मी उपाशी राहिले तर याला दूध कुठून येणार?" एवढेच ती म्हणाली. रडलीसुद्धा नाही.

 मेघिल तिथून निघाला तो थेट तिच्या शेतात जाऊन बसला. जे जाळायचे ते निदान एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढाच त्याचा विचार होता. समोरच्या देठावर एका काळ्या अळीने एक मावा पकडला, शोषला आणि रिकामे कातडे टाकून दुसरा पकडला. मेघिल पुढे सरकला. काही शेंडे तर स्वच्छ झाले होते. कुठे कुठे मावा फुगून तांबूस झाला होता, त्याच्या पाठीला भोक पडले होते आणि त्यातून बारीकशी गांधीलमाशी बाहेर पडत होती. पानाला एक अळी आखडून चिकटली होती. तिची पाठ उकलली आणि आतून ओला, फिकट भुंगेरा आला. वाळता वाळता तो लाल झाला, पाठीवर काळे ठिपके उमटले. हे तर ते भुंगेरे, जे पोरे बोटावर चढवून उडवतात!

मेघिलाने कपाळाला हात लावला. "अरे, आपण आपले राखणदारच बुडवले," तो मोठ्याने म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

सकाळी लोक मशाली घेऊन बांधावर जमले. मेघिलाने पाहिले ते सांगितले. लोक हसले.

"ग्रामणी, माझ्याही घरात खाणारी तोंडं आहेत," शिवल म्हणाला.  "तुमचं पाहणं चुकलं तर?"

हुकूम करून मेघिल त्यांना परत धाडू शकला असता. पण भ्यालेला गाव हुकूम किती दिवस पाळणार? तो शांतपणे म्हणाला, "तुझी भीती खरी आहे. तिच्या आणि तुमच्या शेतांच्या मधे माझं शेत आहे. ते मी मोकळं करतो, एक काडी उभी ठेवत नाही, म्हणजे तिकडची कीड तुमच्याकडे सरकणार नाही. तुम्ही अमावास्येपर्यंत तिच्या शेताला हात लावू नका."

त्याने धोतर खोचले आणि फुलावर आलेली आपली मोहरी उपटायला सुरुवात केली. त्याची बायको बांधावर उभी होती. तीही दुसऱ्या टोकाने उपटू लागली. ते पाहून शिवलाने आपली मशाल बांधाच्या मातीत विझवली.

आपलेच शेत पेटले असे समजून वासुला बाळाला घेऊन धापा टाकत आली आणि जागच्या जागी थिजली. "तात, अहो, फुलातलं पीक!"

"घरी जा बाई," मेघिल म्हणाला. "बाळाला वारा लागेल."

अमावास्या येईतो वासुलेचे देठ हिरवे झाले. लाल भुंगेरे तिच्या शेतातून उठले, मेघिलाच्या उजाड रानावरून उडत गेले आणि गावाच्या मोहरीवर उतरले. सगळेच पीक काही वाचले नाही, पण घरोघर मोहरी आली. आली नाही ती एका मेघिलाच्या घरी.

सुगी संपल्यावर शिवल त्याच्या दारात मोहरीची टोपली घेऊन उभा राहिला. त्याची मान वर होईना. "मी मशाल घेऊन आलो होतो," तो म्हणाला.

"मशाल तू विझवलीस," मेघिल म्हणाला. "दवंडी मी दिली होती. बुडवलेले जीव मी आता कुठून परत आणू?"

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या जन्मीचा शिवल म्हणजे आजचा भिक्षू सोमिल. वासुला ती भिक्षुणी चित्तला. उपटायला दुसऱ्या टोकाशी वाकलेली बाई आज उपासिका धम्मिला आहे. ग्रामणी मेघिल तो मीच. आणि मी बुडवायला लावलेल्या त्या अळ्या? त्याही आज इथे तुमच्यातच बसल्या आहेत."  मग ते हळूच म्हणाले, "निवाडा करण्याआधी थांबून पाहावे आणि त्या थांबण्याची किंमत आपण सोसावी, हीच क्षांती, हीच खरी सहनशीलता."