भिवरेनं घेतलेला हिशेबाचा वसा

ऐक गे लक्ष्मी, तुझ्याशी भांडलेल्या बाईची कहाणी. एक होतं आटपाट नगर, नगरात कोष्ट्यांची आळी. तिथं भिवरा राही. तिचा नवरा अकाली गेला. मागं एक माग राहिला, एक लेक राहिली, सोन्याच्या पन्नास पुतळ्या राहिल्या. दीर रखमाजी दारी आला. म्हणाला, "वहिनी, तुम्हांला पैशातलं काय कळतं? मी आहे ना!" भिवरेनं पुतळ्या दिल्या. पुढं ती खण विणी, खण विकी, येईल ते दिराच्या हाती देई. तो कागद पुढं करी, ती अंगठा उठवी. अशी बारा वर्षं गेली.

मग काय झालं? लेक तापानं फणफणली. भिवरा दिराकडं गेली, त्यानं भीक घातल्यागत चार पैसे दिले. लेक कशीबशी वाचली. मग वाऱ्यानं छप्पर उडालं. पुन्हा गेली, त्यानं दोन दिले. मग सूत संपलं, माग थांबला. तिसऱ्यांदा गेली, तो म्हणाला, "सरलं सगळं."

"सरलं? होतं किती? गेलं कुठं?"

"कागदावर अंगठा तुमचाच आहे, वहिनी. तुम्हांला पैशातलं काय कळतं?"

भिवरेच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तशीच घरी आली. शुक्रवार होता, पूजा मांडलेली होती. तिनं तबक उधळलं. "बारा वर्षं तुझे शुक्रवार केले. तुझ्या हातून मोहरा गळतात, आणि मला माझ्या मोजता येऊ नयेत?"

इतक्यात दारी एक म्हातारी आली. "बाई, बाई, कोणावर चिडलीस?"

"देवीवर चिडले, दिरावर चिडले, सगळ्यांहून जास्त माझ्यावर चिडले."

"बरं झालं. राग विझवू नको, कामाला लाव. मी वसा सांगते. पण उतशील, मातशील, मध्येच टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, जीव गेला तरी टाकणार नाही."

"मग ऐक. शुक्रवारी न्हावं, मी काढून देते ते अक्षर गिरवावं, आकडा गिरवावा. आलं किती, गेलं किती, मोठ्यानं म्हणावं. उरेल त्याचे तीन वाटे करावे. एक चुलीचा, एक सुताचा, एक आजारपणाचा. तिसऱ्याला एरवी हात लावू नये. वाचल्यावाचून अंगठा उठवू नये. उद्यापनाला दुसरीला शिकवावं."

भिवरेनं भांडी विकून सूत आणलं. कोळशानं भिंतीवर आकडे मांडले. हातचा राही, बेरीज चुके. आळी हसली, "चाळिशीत धुळाक्षरं!" ती दात खाई, पुसून पुन्हा मांडी. पहिल्या महिन्यात कळलं, सूतवाला दहा लडी सांगून आठच देतो. दुसऱ्या महिन्यात कळलं, आपण खण विकतो त्यात सुताचंही मोल सुटत नाही. तिसऱ्या महिन्यात ती चावडीवर गेली, आपल्याच अंगठ्याचे कागद मागितले, बोट ठेवून ठेवून वाचले. रखमाजीचं शेत, रखमाजीचा बैल, रखमाजीच्या लेकाचं लग्न. सगळ्याखाली तिचा अंगठा.

भिवरेनं पंच बसवले. रखमाजी म्हणाला, "वहिनी, घरातली गोष्ट घरात ठेवा."

"घरातलंच तर घरातून गेलं, भावोजी!" असं म्हणून तिनं बारा वर्षांचा आकडा उभ्यानं म्हणून दाखवला. एक पैसा चुकली नाही. पंचांनी माना खाली घातल्या. शेत विकवलं. बावीस पुतळ्या परत आल्या, अठ्ठावीस बुडाल्या त्या बुडाल्याच. म्हातारी पुन्हा दारी आली. "राग गेला का, बाई?"

"नाही गेला."

"राहू दे."

मग उद्यापनाचा शुक्रवार आला. रखमाजीची बायको मागल्या दारानं आली, चोरासारखी उभी राहिली. भिवरा कडाडली, "आता काय न्यायला आलीस?"

जाऊ म्हणाली, "अहो जाऊबाई, आमच्या घरात किती आलं, किती गेलं, मला तरी कोणी कधी सांगितलं?"

भिवरेनं सरकून पाट दिला, हाती कोळसा दिला.

लक्ष्मी जशी भिवरेला हिशेबानं भेटली, तशी तुम्हां आम्हां भेटो. ही शंभर आकड्यांची कहाणी एका बेरजेत सुफळ संपूर्ण.