ठिपकीची ऊब आणि मामांची कानटोपी

एक होती ठिपकी. मांजरीचं पिल्लू. एवढंसं, चहाच्या कपात मावेल एवढं.

निफाडची थंडी. दात कडकड, नाक गारगार. नलूआत्यांची डिझेल गाडी रोज सकाळी दूध घेऊन डेअरीवर जायची. परत आली की तिचं बॉनेट गरम गरम. ठिपकी टुणकन वर चढायची, गोल होऊन झोपायची.

एके दिवशी आत्यांनी किल्ली फिरवली. खुर्र खुर्र खुर्र... फुस्स. धक्का मारला, तरी गाडी गप्प. बॉनेट गार. ठिपकीची ऊब गेली.

आपलंच काही चुकलं का? ठिपकीला वाटलं. तिला नेहमी असंच वाटायचं.

दुडूदुडू दुडूदुडू. ठिपकी गेली गाडीकडे.

"गाडीताई, गाडीताई, सुरू हो. ठिपकीला ऊब मिळत नाही."

"मी नाही जा," गाडी म्हणाली. "काल झाले होते की सुरू. रोज रोज काय? थंडीत आधी माझ्या पोटातला प्लग तापू दे."

दुडूदुडू दुडूदुडू. ठिपकी गेली प्लगकडे.

"प्लगदादा, प्लगदादा, ताप ना. गाडी सुरू होत नाही, ठिपकीला ऊब मिळत नाही."

"मी नाही जा," प्लग म्हणाला. "वीज हातात आणून दिल्याशिवाय मी काही करत नसतो. वायरला सांग."

दुडूदुडू दुडूदुडू. ठिपकी गेली वायरकडे.

"वायरमावशी, वायरमावशी, वीज आण. प्लग तापत नाही, गाडी सुरू होत नाही, ठिपकीला ऊब मिळत नाही."

"मी नाही जा," वायर म्हणाली. "मनात आलं तर आणते, नाही तर नाही. नट मला घट्ट धरतो कुठे?"

दुडूदुडू दुडूदुडू. ठिपकी गेली नटाकडे.

"नटभाऊ, नटभाऊ, वायर धर. वायर वीज आणत नाही, प्लग तापत नाही, गाडी सुरू होत नाही, ठिपकीला ऊब मिळत नाही."

"मी नाही जा," नट म्हणाला. "दिवाळीपासून ढिला आहे मी. कुणी विचारलं? दगडूमामा मेकॅनिक मला आवळत नाहीत."

दुडूदुडू दुडूदुडू. ठिपकी गेली दगडूमामांकडे. मामा गोधडीत. डोक्याला कानटोपी.

"मामा, मामा, नट आवळा. नट वायर धरत नाही, वायर वीज आणत नाही, प्लग तापत नाही, गाडी सुरू होत नाही, ठिपकीला ऊब मिळत नाही."

"मी नाही जा," मामा म्हणाले. "आत्या सकाळी गाडीला धक्का मारून सुरू करतात आणि दुपारी मला दाखवायला आणतात. तीनदा बघितली. एका किल्लीत सुरू होते. गाडी ठणठणीत आहे. तू दुपारी ये."

"पण दुपारी थंडी नसते ना, मामा."

मामा फार हुशार. कूस बदलून घोरू लागले. घुर्र घुर्र.

मग ठिपकीने काय केलं? मामांची कानटोपी दातात धरली आणि पळाली. दुडूदुडू दुडूदुडू. मामा मागे. धपधप धपधप. थेट गाडीपाशी.

मामांचे दात कडकड. मामांचं नाक गारगार.

"आलोच आहे तर बघतो," मामा म्हणाले. त्यांनी किल्ली फिरवली. खुर्र खुर्र खुर्र... फुस्स.

"अहो आत्या, ही तर खरंच सुरू होत नाही."

"हो का?" आत्या म्हणाल्या. "मला वाटलं, ठणठणीत आहे."

मामांनी बॉनेट उघडलं. पाना फिरवला. कर्र कर्र.

मामांनी नट आवळला. नटाने वायर धरली. वायरने वीज आणली. प्लग तापला. धडधड धडधड, गाडी सुरू झाली. आत्या डेअरीवर जाऊन आल्या. बॉनेट गरम गरम.

ठिपकी टुणकन वर चढली.

"आता माझी टोपी दे," मामा म्हणाले.

ठिपकी टोपीत शिरली. गोल झाली. एक डोळा मिटला.

"दुपारी या," ठिपकी म्हणाली. आणि दुसरा डोळा मिटला.